भैरोबाच्या ओसरीवरचं यंत्र

१९४६

२१ सप्टेंबर, शनिवार. माधवनगर

आज दाणा फुटला नाही.

टोपलंभर भुईमुगाच्या शेंगा वरून ओतल्या, शंकरनं दांडा मागंपुढं केला आणि खाली फोलपटांत अख्खे दाणे पडले. मी गुडघ्यावर बसून बोटांनी चाळून पाहिले. गुलाबी सालसुद्धा शाबूत. आमच्या ओतारी हसनभाईनं एक तोंडात टाकला आणि म्हणाला, 'ग्वाड हाय.' जशी काही गोडीही यानंच ओतली होती.

उन्हाळ्यापासून नुसता चुरा पाहत होतो. शेडच्या मागं चुऱ्याचा ढीग आणि त्यावर माधवनगरातल्या सगळ्या चिमण्या. शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून या पत्र्याखाली येऊन बसलो तेव्हापासून कुणी 'काय करता' विचारलं की घसा खाकरत होतो. आज खाकरणार नाही.

२३ सप्टें.

काम थोडं, भांडण जास्त. विषय : कारखान्याचं नाव. शंकरला 'जयहिंद' हवं. लढाईभर लष्कराच्या वर्कशॉपात राहिलाय, त्याला सगळं मोठ्या आवाजात लागतं. हसनभाईचं म्हणणं, आधी चार यंत्रं ओतून होऊ देत, मग बारसं. मी म्हटलं, आकृत्या मी काढल्या, फळाही मीच रंगवणार, तेव्हा नाव मी ठेवतो. दोघं एकदम म्हणाले, ठेवा. मग मला एकही सुचेना.

फळा कोराच टांगलाय. लोक समजतात शाळा आहे.

२७ सप्टें.

सांगलीला शेंगांच्या व्यापारी शेठकडे गेलो, मी आणि शं. वखारीत शेंगांची पोती आढ्याला टेकलेली. मी काढलेली आकृती (तिरकी छाया देऊन, तीन बाजूंनी) शेठनी पानाच्या डब्याखाली सारली. म्हणाले, कागद राहू द्या. यंत्र इथं आणा, माझे शेतकरी बसलेले असताना पोतंभर शेंगा फोडून दाखवा. दाणा अख्खा निघाला तर पन्नास यंत्रं माझी.

बाहेर आल्यावर शं. सायकल तिथंच विसरून चालायला लागला. पुलापर्यंत गेल्यावर आठवण झाली.

पन्नास म्हणजे शेड राहील. म्हणजे कमल आणि बेबी साताऱ्याहून इकडं येतील आणि मला सासऱ्यांच्या घरी पाहुण्यासारखं चहाची वाट बघत बसावं लागणार नाही. पन्नास नाही मिळाली तर काय, ते आज लिहीत नाही.

४ ऑक्टो., खंडेनवमी

हत्यारांची पूजा. हातोडे, चिमटे, ऐरण, माझी पट्टी आणि कंपासपेटीसुद्धा. हसनभाईनं पाटावर सगळं मांडलं, आपल्या ओतकामाचा पळा मध्ये ठेवला. मशिदीत जाणारा माणूस, पण खंडेनवमीला पळा पुजल्याशिवाय भट्टी पेटवत नाही. बाप पण असंच करायचा म्हणाला.

शं.ची आई आणि चुलता तात्या आलेत, वडूजकडच्या गावाहून. म्हातारीनं यंत्राभोवती फिरून दांडा हातानं चाचपला. तिचे अंगठे पाहिले. शेंगा फोडून फोडून नखांच्या कडेला घट्टे पडलेत, हळद लावलेली. तिनं यंत्राला कुंकू लावलं आणि अगदी सहज म्हणाली, 'ह्ये भैरोबाचं.'

मला वाटलं, कौतुकानं म्हणाली.

५ ऑक्टो., दसरा

कौतुकानं नव्हतं. शं. बर्मात असताना वर्षभर पत्र नाही, तेव्हा तिनं भैरोबाला बोललं होतं : लेक परत येऊ दे, त्याच्या हातचं पहिलं जे काय होईल ते तुझं. त्यांच्याकडं पहिलं सगळं देवाचंच. पहिल्या कणसाची जुडी देवाला, गाय व्याली की पहिला चीक देवाला, गुऱ्हाळातली पहिली ढेप देवाला. मग पहिलं यंत्र कुणाचं, यात विचारायचं काय, असं तात्याचं तोंड.

मी हसलो. एकटाच हसलो. हसनभाई म्हणाला, 'द्यायाच पायजे मास्तर. पयलं घरात ठिवल्यालं कुणाला लाभलंय?' शं. आईच्या पायाशी बसून फोलपटं वेचत होता.

मग मीच विचार केला आणि मला ते एकदम पटलं. देवळात यंत्र बसलं की पंचक्रोशी बघेल. आपण गावोगाव हिंडायला नको, लोक इकडं येतील. असली जाहिरात मुंबईवाल्यांनासुद्धा मिळणार नाही. शेठला दाखवायला दुसरं करू, ओतायला बीड आहे, साच्याचे लाकडी फर्मे आहेत, हात बसलाय. संध्याकाळपर्यंत मीच सगळ्यात पुढं. तांबडा रंग आणून बाजूवर अक्षरं काढली : श्री भैरवनाथ चरणी अर्पण. खाली बारीक : माधवनगर. अक्षरं सुरेख आलीत.

१३ ऑक्टो. शं.चं गाव

कोळशाच्या गॅसवरची मोटार विट्यापुढच्या चढाला तीनदा थांबली. वडूजपासून बैलगाडी. गावाच्या वेशीवर हलगी. यंत्राला हार, शं.ला फेटा, हसनभाईला फेटा, मलाही फेटा. माझा सारखा डोळ्यांवर येत होता.

देवळाच्या ओसरीवर बसवलं. बाया टोपल्या घेऊन आल्या, आधी लांब उभ्या, मग शं.च्या आईनं दांडा हलवला. खाली दाणे पडायला लागले तसा एक आवाज झाला सगळ्यांच्या तोंडून. एका पोरसवदा सुनेनं आपला अंगठा वर करून जावेला दाखवला आणि दोघी हसत सुटल्या. हे बघून मला भरून आलं, खोटं कशाला लिहू. शाळेत इतकी वर्षं पोरांकडून कुंड्यांची चित्रं काढून घेतली, पण माझ्या रेघेमुळं कुणाचा अंगठा वाचला नव्हता.

तात्या कानाशी म्हणाला, गावातली धा तरी घरं घेत्याल. मी मनात आसपासच्या गावांनी गुणून टाकलं.

२० ऑक्टो. माधवनगर

दुसरं यंत्र. जाळी झाली, दांडा झाला. पट्टी होत नाही.

दांड्याखालची दातेरी पट्टी हाच यंत्राचा जीव. ती बिडाची. पहिली ओतली ती जुन्या तेलाच्या इंजिनाच्या चाकाची होती, विलायती बीड. त्या चाकाच्या पाळीचं आणि आऱ्यांचं बीड पहिल्यातच आणि चुऱ्याच्या दिवसांतल्या पट्ट्यांत संपलं. मधला तुंबा, आऱ्या जिथं मिळतात तो जाड गड्डा, उरलाय. तो घणानं फुटत नाही आणि अख्खा भट्टीच्या तोंडात मावत नाही. बाजारातलं भंगार आणलं तर पट्टी पांढरी पडते आणि काचेसारखी तडकते. हसनभाई भट्टीच्या कोक-कोळशाला शिव्या देतो, मी भंगाराला, शं. दोघांना गप करतो.

तोडगा म्हणून पट्टी जाड केली. भोकं सरकवली, फर्मा नवा केला. जाड पट्टी तरी टिकेल.

२२ ऑक्टो.

चांगल्या बिडाचा परवाना. सांगलीच्या कचेरीत म्हणाले, भागीदार शंकर खालसातला, म्हणजे इंग्रजी मुलखातला आहे, साताऱ्याहून घ्या. मी म्हटलं, साताऱ्यात जाऊन आलो, ते म्हणतात शेड संस्थानात आहे, सांगलीहून घ्या. कारकून म्हणाला, मग दोघंही बरोबर आहेत. आणि खरंच, त्याच्यावर रागावताही येईना.

२४ ऑक्टो. लक्ष्मीपूजन. सातारा

घरी. बेबी ओळखते, पण आधी आईकडं बघून मग माझ्याकडं येते. सासऱ्यांनी विचारलं, यंत्र कुठंय? म्हटलं, देवळात. त्यांनी वर्तमानपत्र वर केलं.

हेडमास्तर वाटेत भेटले. माझ्या जागी आलेला मुलगा टिकला नाही. नाताळनंतर परत या, असं म्हणाले, आणि वर म्हणाले की मुलं आठवण काढतात. ते खोटं. चित्रकलेच्या मास्तरची आठवण कुणी काढत नाही.

क. ला सांगितलं. ती करंज्या तळत होती. म्हणाली, 'माझ्यासाठी म्हणून परत येऊ नका. मग जन्मभर मला ऐकावं लागेल.' नंतर म्हणाली, तुमचं यंत्र बघायला मला भैरोबाला यावं लागणार का?

३ नोव्हें. वडूज

बाजारात मागणी घ्यायला आलो. फळकुटावर आकृती ठोकून बसलो, शं. शेजारी. लोक येतात, बघतात, 'व्हय, ह्येच हाय भैरोबाला' म्हणतात आणि पुढं जातात. ज्यानं त्यानं पाहिलंय. ज्यानं त्यानं वापरलंय. लय झ्याक चालतं असं मलाच सांगतात.

मग एकाला धरलं, बरा बागायतदार होता, पोराला फौजेत घातलेला. म्हटलं, एवढं आवडलंय तर घरी एक घ्या की. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं काही मी त्याला देवळाची घंटा घरात टांगायला सांगतोय. म्हणाला, 'आवं मास्तर, देवाचं असताना घरात दुसरं कशाला? बरं दिसत न्हाई त्ये. देवापरीस आपुन मोठं का?'

मी शं. कडं पाहिलं. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या तोंडावर दिसलं.

४ नोव्हें.

देवळात जाऊन आलो. ओसरीपुढं गाड्या. पाच-सहा गावांची माणसं. शेंगा फोडायच्या, मूठभर दाणे देवापुढं, फोलपटं गुरवाच्या चुलीला. गुरवाच्या परड्यात फोलपटांची गंज लागलीय, माणूस एकदम टुमटुमीत दिसतो. बायका रांगेत बसून गप्पा मारतात. शं.च्या आईला सगळ्या मान देतात, तिनं दांड्याला हात लावल्याशिवाय दिवसाची सुरवात होत नाही.

या इतक्या माणसांत एकजण गिऱ्हाईक नाही. आणि इतकी सुखी माणसं मी एका जागी पाहिली नाहीत. मला कुणावर चिडावं कळेना, म्हणून मोटारीच्या ड्रायव्हरवर चिडलो.

११ नोव्हें. माधवनगर

शं. शी बोललो. त्याला ठाऊक होतं तर दसऱ्याला का बोलला नाही? म्हणाला, वाटलं होतं लोक बदलले असतील. लढाई झाली, जग हललं, आपलं गाव तेवढं जागचं हलणार नाही असं कसं वाटावं? मीही तसंच धरून चाललो होतो, फक्त मी त्याला जाहिरात म्हणत होतो.

ठीक आहे. ती पाच-सहा गावं गेली. शेठची पन्नास तर आहेत. त्यांचे शेतकरी कृष्णाकाठचे, त्यांना भैरोबाच्या ओसरीशी काय करायचंय. सगळा भार आता तिथं. शेठचा निरोप आला : पुढच्या बुधवारी शेतकरी जमणार, यंत्र घेऊन या.

१३ नोव्हें.

जाड पट्टी तडकली. पोतं लांबच, टोपली पण झाली नाही.

हसनभाईनं पट्टीचे दोन तुकडे जुळवून पाहिले. मग म्हणाला, 'दोन रोजासाठी देवाचं आणू या. दावायचं आणि परत न्हेऊन ठिवायचं.' इतकं सरळ. मलाच का सुचलं नाही? शं. उठून बाहेर गेला आणि सायकलची साखळी साफ करायला लागला, ती स्वच्छच होती.

१७ नोव्हें., रवि. शं.चं गाव

मागायला आलो. तात्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमी कोण देणार, आमचं हाय व्हय? ज्याचं हाय त्याला इचारा. म्हणजे कौल.

गुरवानं आंघोळ करून ओल्या फुलाच्या दोन कळ्या देवाच्या छातीला लावल्या. उजवी पडली तर न्या, डावी पडली तर नका नेऊ. सगळे बसले. शं.ची आई सगळ्यात पुढं, पदर पसरून. ती कुठल्या बाजूनं मागत होती कुणास ठाऊक.

एकही कळी पडली नाही. उन्हं ओसरीवर आली, ओसरीवरून खाली उतरली, कळ्या जागच्या जागी. मी मनात म्हणत होतो, पड बाई, उजवी नाही तर डावी तरी पड. शेवटी गुरव म्हणाला, देव बोलत न्हाई आज. पुढल्या रविवारी लावू.

शेठचा बुधवार आहे.

बाहेर येऊन शं. ला म्हटलं की गुरवानं कळ्या कशानं चिकटवल्या होत्या ते एकदा बघितलं पाहिजे. यंत्र गेलं तर त्याची फोलपटं जातात. आणि हेही म्हटलं की नकार नाहीच आला, तर घेऊन जाऊ, कोण अडवतंय. शं. माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही. म्हणाला, 'मास्तर, पत्तर न्हवतं तवा गावात समद्यांनी माज्या नावानं पाणी सोडलं हुतं. आई एकटी ह्या देवाला धरून बसली. आता त्येच्या फुडनं मी न इचारता उचलू? तुमी म्हणत असाल तर उचलतो. पर मग ह्या गावात मला आई ऱ्हायची न्हाई.'

मी म्हणालो नाही. कसं म्हणणार.

२० नोव्हें., बुध. सांगली

दुसरंच यंत्र नेलं. तडकलेल्या पट्टीला लोखंडी पट्ट्या ठोकून आवळल्या होत्या. शेतकरी अर्धगोलात बसलेले, शेठ लोडाला टेकून. शं. नं दांडा धरला, हसनभाई शेंगा ओतत होता, मी उगीचच हसतमुख.

अर्धं पोतं नीट झालं. अख्खे दाणे. एक म्हातारा उठून जवळ आला, दाणे मुठीत घेऊन मागच्यांना दाखवले. मला वाटलं, झालं. मग पट्टीचा कट्ट असा आवाज. तेवढाच.

शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, 'वडूजकडचा माझा माणूस सांगतो, देवळातलं यंत्र दिवसभर चालतं, खोट नाही. मग चांगलं तिकडं आणि हे मला?' मी नवसाचं सांगितलं. शेठनी मान हलवली. त्यांच्याकडंही पहिलं पोतं गणपतीला जातं. त्यामुळं त्यांना सगळं समजलं आणि मदत काहीच झाली नाही.

मात्र दार बंद केलं नाही. मुंबईहून एकजण तसलंच यंत्र पाठवतो म्हणतोय, पण संक्रांतीपर्यंत ते थांबतील. तोवर एक टिकणारं आणा.

२५ नोव्हें. माधवनगर

काल दुसरा कौल झाला. उजवी पडली. न्या म्हणाला देव. आता नेऊन काय करू, शेतकरी घरोघर गेले. शेठला निरोप धाडला तर उत्तर आलं की त्यांना आता दुसऱ्या यंत्राची खात्री हवी : एक चांगलं निघालं हे देवाच्या कृपेनं असेल, पन्नास निघतील का ते बघायचंय.

मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं.

५ डिसें.

परवान्याचा अर्ज परत. शिक्का स्पष्ट नाही.

१४ डिसें.

पुन्हा ओतलं. पुन्हा पांढरी. हसनभाईला गिरणीच्या ओतकामात बोलावलंय. त्यानं मला सांगितलं नाही, त्याच्या बायकोनं भाकरी घेऊन आली तेव्हा सांगितलं, आणि हेही की तो नको म्हणून आलाय. शेडमध्ये आल्यावर मी त्याच्याशी कोकबद्दल बोलत राहिलो. तो पण कोकबद्दलच बोलला.

ही दोन माणसं रोज सकाळी माझ्याआधी येतात. भट्टीतली राख काढतात, वाळू चाळतात. आळशी असती, भांडखोर असती तर सरळ घरी गेलो असतो. यांना सोडून कसा जाऊ, आणि यांना धरून तरी कुठं जाऊ.

२६ डिसें. सातारा

हेडमास्तरना अजून उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा निरोप ठेवलाय. क. विचारत नाही, तिनं माझे शाळेचे दोन्ही कोट उन्हात घातले होते. विचारलं तर म्हणाली, कसर लागते म्हणून.

१९४७

४ जाने. माधवनगर

इंजिनाच्या चाकाचा तुंबा फुटला.

शं. नं त्याच्याभोवती लाकडं पेटवून लाल केला, वरून पाणी मारलं, मग तिघांनी घण. लष्करात शिकला म्हणे. इतके दिवस कुठं होतं हे शिकलेलं, विचारलं तर म्हणतो आठवलं नव्हतं. आतून बीड करडं, बारीक रव्याचं, हसनभाई त्यावरून अंगठा फिरवत राहिला. एका पट्टीपुरतं आहे. जपून केलं तर एक, दोन नाही.

एक पुरे. एक टिकली की शेठ बिडाचा परवाना आपल्या वजनानं मिळवून देतील, तसं ते बोललेत. पन्नासाचं दार या एका पट्टीवर आहे. आज खूप दिवसांनी तिघं हसलो, कशावर ते आठवत नाही.

७ जाने.

उद्या भट्टी पेटवायची ठरत होतं तेवढ्यात तात्या आला. फडक्यात गुंडाळलेली पट्टी, वर हळदकुंकू आणि नारळ. भैरोबाच्या यंत्राची. दात झिजून सपाट झालेत आणि मधून चीर गेलीय. एका घरासाठी केलेलं यंत्र, त्यावर पाच-सहा गावं दिवसभर. टिकलीच किती म्हणायचं.

तात्या म्हणाला, 'देवाचं हाय. सावकास करा, पर बिगी करा.' चहा प्यायला आणि तिसऱ्या प्रहरच्या मोटारीनं गेला. पैशाचं बोलला नाही, बोलणारही नव्हता, आणि आम्हीही तो विषय काढला नसता.

जाताना सांगून गेला की बायका पुन्हा हातानं फोडायला बसल्यात. शं.ची आई ओसरीवर बसते आणि आल्या-गेल्याला सांगते, माझा लेक आणतोय.

८ जाने.

भट्टी पेटवली नाही.

मी सुचवून पाहिलं : देवाला बाजारच्या बिडाची जाड पट्टी देऊ, चांगलं आपल्या यंत्राला. हसनभाई म्हणाला, ती आठ दिवसांत तुटंल आणि तुटताना कुणाचं बोट धरंल. आणि मी ओतणार न्हाई तसलं, असंही म्हणाला. झिजलेली पट्टीच वितळवू म्हटलं, तर आपल्या भट्टीतून दुसऱ्यांदा काढलेलं बीड पांढरंच पडतं म्हणाला. मग उलटं सुचवलं : आपली पट्टी देवाच्या यंत्राला बसेल का, म्हणजे शेठला दाखवून नंतर तिकडं. नाही बसत. आपण भोकं सरकवली, जाडी वाढवली. एक फर्मा इकडचा, एक तिकडचा.

शेठना चार दिवस वाढवून मागितले. निरोप आला, संक्रांत ती संक्रांत, मुंबईवाल्याला शब्द द्यायचाय.

शं. चं तोंड बघवत नाही. दिवसभर काहीतरी घासत बसतो.

१० जाने.

आज तिघं बसून बोललो. म्हणजे मी बोललो. हेडमास्तरांचंही सांगून टाकलं, लपवून काय करू. पन्नास गेली तर मी शाळेत, हसनभाई गिरणीत, शं. परत गावात. हे तिघांनाही कळतं. आणि पट्टी आपल्या यंत्राला घातली तर शं. कुठल्या तोंडानं त्या ओसरीवर जाईल, हेही तिघांना कळतं. पुढच्या हंगामात देवाला नवी देऊ म्हटलं, तर हसनभाई म्हणाला, हंगाम आत्ता हाय, अंगठं आत्ता सोलत्यात.

शं. अगदी शेवटी बोलला. 'मी काय सांगणार न्हाई मास्तर. मी देवाचं म्हटलं तर तुमी समजणार आईचा ल्योक बोलला, आन आपलं म्हटलं तर मला गिळायचं न्हाई. तुमी सांगा. तुमी सांगाल त्ये मला चालंल.'

मी का? कारण मी मास्तर. कारण आकृत्या माझ्या. कारण मला त्या गावात आई नाही.

११ जाने., शनि.

भट्टी पेटलीय. आता थांबवता येत नाही, कोक एवढाच आहे. बीड आत वितळून सुटायला लागलंय, पत्र्यावरून धग येते.

हसनभाई म्हणाला, 'मला काय, दोन्ही वाळूत बसत्यात. कुठला मांडू तेवढं सांगा.' शं. नं दोन्ही फर्मे, देवाचा आणि आपला, आणून माझ्यापुढं ठेवले आणि बाहेर जाऊन कोऱ्या फळ्याखाली उभा राहिला, पाठ करून.

फर्मे माझ्याच आकृतीवरून झालेत. शेजारी शेजारी ठेवले तर फारसा फरक दिसत नाही. सकाळपासून मी एकदा हा उचलला, एकदा तो. खाली ठेवला की हसनभाई वाळूवरचा हात उचलतो, आणि मी काही बोललो नाही की परत वाळूवर ठेवतो. ओला हात, मधूनमधून वाळूवर पाणी शिंपडतो, ती सुकू नये म्हणून.

त्याला म्हटलं, पाच मिनिटं, जरा टिपण करायचंय. आणि ही वही उघडून बसलोय. लिहितोय तोवर कुणी विचारत नाही.